ऱ्हाईनच्या खोऱ्यातले किल्ले आणि जुनी गावं : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तीन दिवसांची आखणी

जर्मनीतल्या बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत साधारण ६५ किलोमीटर ऱ्हाईन नदी डोंगर कापत जाते. दोन्ही काठांवर द्राक्षमळ्यांचे उभे उतार, नदीला चिकटून छोटी छोटी गावं आणि वर चाळीसेक किल्ले. २००२ मध्ये युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. फ्रांकफुर्टहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारे लोक इथे रोज येतात आणि बहुतेकांचं एकच होतं: बोटीवर पाच-सहा तास बसून मान दुखते, पंचवीस किल्ल्यांचे फोटो निघतात आणि आत एकाही किल्ल्यात जाणं होत नाही. तेव्हा दोनच किल्ले आतून नीट बघा, बाकीचे नदीवरून बघा आणि उरलेला वेळ गावांना द्या. त्यासाठी तीन दिवस पुरतात. दोन दिवस असतील तर कोब्लेन्झ वगळा.

आधी हे समजून घ्या

मध्ययुगात ही नदी म्हणजे मालवाहतुकीचा हमरस्ता होता आणि तिच्या काठची जमीन माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे आर्चबिशप, फाल्झचा काउंट आणि इतर सरदार यांच्यात तुकड्यातुकड्यांनी वाटलेली होती. ज्याच्या हाती काठ तो जकात घेई आणि जकात वसूल करायला वर किल्ला हवाच. त्यामुळे राजगड-रायगड डोळ्यांपुढे ठेवून आलात तर इथले किल्ले आटोपशीर वाटतील. डोंगरमाथाभर पसरलेल्या माच्या इथे नाहीत. पायथ्यापासून चढही बहुतेक ठिकाणी वीस मिनिटांचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १६८९ मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी या खोऱ्यातले बहुतेक किल्ले जाळले किंवा सुरुंग लावून उडवले. पुढे १८१५ नंतर या मुलुखाचा मोठा भाग प्रशियाकडे आला आणि तिथल्या राजपुत्रांना पडक्या किल्ल्यांचं वेड लागलं. ऱ्हाइनश्टाइन, झोनेक, श्टोल्झेनफेल्स हे आज दिसतात ते एकोणिसाव्या शतकातल्या हौसेने उभे केलेले. म्हणून नदीवरून सगळ्यात देखणा दिसणारा किल्ला बहुधा सगळ्यात नवा असतो. अस्सल मध्ययुगीन आणि कधीच न पडलेले असे दोन धरून चाला: ब्राउबाखच्या टेकडीवरचा मार्क्सबुर्ग आणि काउबसमोर नदीतल्या खडकावरचा फाल्झग्राफेनश्टाइन. अवशेष बघायचे तर झांक्ट गोआरचा ऱ्हाइनफेल्स. या यादीवरच पुढची आखणी बेतली आहे.

पायरी पहिली : महिना ठरवा

एप्रिलचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ धरा. प्रवासी बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच चालतात आणि नोव्हेंबर ते मार्च बरेच किल्ले बंद असतात किंवा फक्त शनिवार-रविवारी उघडतात. मार्क्सबुर्ग मात्र नाताळचे दिवस सोडले तर वर्षभर उघडा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी असते, गावोगावी वाइनचे मेळे भरतात आणि शनिवारच्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात. ‘ऱ्हाईन इन फ्लामेन’ या नदीवरच्या आतषबाजीच्या रात्री तर विचारूच नका. तो सोहळाच बघायचा नसेल तर त्या शनिवारी येऊ नका.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी फार उतरलं तर बोटींचं वेळापत्रक कोलमडतं. त्यासाठी सगळे जण काउबच्या पाणीपातळीकडे बघतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथला आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत खाली गेला होता. याचा अर्थ नदीत वीतभरच पाणी उरलं होतं असा नाही. मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. आकडा ७८ असतो तेव्हा जहाजांच्या मार्गात सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी असतं. एवढं कळलं की बातम्यांतले आकडे बघून घाबरायला होत नाही.

पायरी दुसरी : काठ निवडा

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. माइन्झ-वीसबाडेन सोडल्यावर थेट कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाईनवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट: बिंगेन–रुडेसहाइम, नीडरहाइमबाख–लोर्ख, काउबचा धक्का आणि समोरचा डावा काठ (नदी वाहते त्या दिशेला तोंड केलं की डावीकडचा), झांक्ट गोआर–झांक्ट गोआर्सहाउझेन, बोपार्ड–फिल्झेन. मोटारगाड्याही याच फेरीवरून जातात. दिवसभर त्या ये-जा करतात, पण संध्याकाळी प्रत्येकीची शेवटची खेप वेगळी असते आणि काही फार लवकर थांबतात. पलीकडे जेवायला जाणार असाल तर धक्क्यावरच्या फलकावर शेवटची वेळ आधी वाचा.

रेल्वेमार्गही दोन आहेत, एकेका काठाने एकेक. आरबी २६ ही डाव्या काठाने माइन्झ, बिंगेन, बाखाराख, ओबरवेझेल, झांक्ट गोआर, बोपार्ड करत कोब्लेन्झला जाते. आरबी १० उजव्या काठाने वीसबाडेन, रुडेसहाइम, लोर्ख, काउब, झांक्ट गोआर्सहाउझेन, ब्राउबाखवरून कोब्लेन्झलाच पोचते. दोन्ही कोब्लेन्झलाच जातात, म्हणून गाडीचा क्रमांक बघून चढा.

मुक्काम डाव्या काठावर करा. गाड्या जास्त, गावं जास्त सुबक, आणि बाखाराख, ओबरवेझेल, झांक्ट गोआर, बोपार्ड ही चारही एकाच रुळावर. पहिल्या खेपेला बाखाराख किंवा बोपार्ड यांतलं एक घ्या. बाखाराख देखणं, पण रात्री आठनंतर चिडीचूप. बोपार्ड मोठं, तिथे दुकानं आणि खानावळी आहेत, म्हणून लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर तेच बरं. खोली घेताना पत्ता दोनदा वाचा: झांक्ट गोआर आणि झांक्ट गोआर्सहाउझेन ही समोरासमोरची दोन वेगळी गावं आहेत आणि मध्ये नदी आहे.

आणि एक, जे हॉटेलवाले आपणहून सांगत नाहीत. दोन्ही काठांवरून रात्रभर मालगाड्या धावतात. दरी अरुंद असल्यामुळे पलीकडच्या काठचा आवाजही इकडे घुमतो. ‘नदीचा देखावा’ असलेली खोली म्हणजे बहुतेक वेळा रुळांचाही देखावा. झोप हवी असेल तर गावाच्या आतल्या बाजूची, द्राक्षमळ्यांकडे तोंड असलेली खोली मागा.

पायरी तिसरी : तिकिटं

मुंबईहून फ्रांकफुर्टला थेट विमान आहे, त्यामुळे उतरल्या दिवशीच दुपारपर्यंत खोऱ्यात पोचता येतं. विमानतळावर दोन रेल्वेस्थानकं आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं, स्थानिक गाड्यांचं वेगळं. तुम्हाला स्थानिक गाड्यांचं हवं. तिथून माइन्झ अर्ध्या तासावर आणि माइन्झहून बाखाराख साधारण पाऊण तासावर.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडे आणि नोकरदारांकडे बहुधा डॉइचलांड-तिकीट असतंच. त्यावर या सगळ्या स्थानिक गाड्या चालतात, प्रवासी बोटी मात्र नाहीत. ते मासिक वर्गणीचं तिकीट असल्यामुळे चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला घेताना ते रद्द करण्याची मुदत आधी बघावी लागते. चार-पाच जणांचा गट असेल तर ऱ्हाइनलांड-फाल्झ राज्याचं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रवास होतो, पण कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं. फ्रांकफुर्ट शेजारच्या हेसन राज्यात असल्याने तिथून माइन्झपर्यंत वेगळं तिकीट काढावं लागतं. इथेच लोक दंड भरतात.

बोटींत मुख्य कंपनी केडी. तिकीट धक्क्यावरच मिळतं. पूर्ण कोब्लेन्झ–रुडेसहाइम प्रवास घेऊ नका, दोन थांब्यांमधलं तिकीट काढा.

पहिला दिवस : बाखाराख, बोट, ऱ्हाइनफेल्स

सकाळ बाखाराखला द्या. बिंगेनजवळच्या नदीतल्या खडकांमुळे मोठी जहाजं पूर्वी वर जाऊ शकत नसत. वरून छोट्या होड्यांनी आलेली वाइनची पिंपं इथे मोठ्या जहाजांवर चढत. गावाचा पैसा त्यातून आला. मुख्य रस्त्यावर १३६८ सालचं लाकडी चौकटीचं ‘आल्टेस हाउस’ आहे. त्याच्यासमोर गर्दी असते, फोटो काढून पुढे व्हा. झांक्ट पेटर चर्चच्या शेजारून पायऱ्या वर जातात. पाच-सात मिनिटांत वेर्नर कापेल या छप्पर नसलेल्या तांबड्या दगडी प्रार्थनामंदिरापाशी पोचता. खिडक्यांच्या रिकाम्या कमानींतून आकाश दिसतं म्हणून सगळे थांबतात, पण तिथली पाटीही वाचा. १२८७ मध्ये वेर्नर नावाच्या मुलाचं प्रेत सापडलं, खुनाचा खोटा आळ ज्यूंवर घातला गेला आणि या भागात त्यांच्या कत्तली झाल्या. हे मंदिर त्या मुलाला हुतात्मा ठरवून उभारलेलं. चर्चने १९६३ मध्ये त्याचं नाव संतांच्या दिनदर्शिकेतून काढलं. इमारत पडली ती १६८९ मध्ये, फ्रेंचांनी वरचा श्टालेक किल्ला उडवला तेव्हा त्याचे दगड अंगावर येऊन.

तसंच वर चढत गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत श्टालेक. विसाव्या शतकात पुन्हा बांधलेल्या या किल्ल्यात आता युवा वसतिगृह आहे. राहायचं तर संघटनेचं सदस्यत्व लागतं. चौकात जाऊन नदी बघायला काही लागत नाही. उतरताना गावामागच्या तटबंदीवरून पोस्टेनटुर्म बुरुजाकडे जा. बाखाराखचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो याच बाजूच्या मळ्यातून काढलेला असतो.

मग बोट. नियम एकच: प्रवाहाबरोबर, म्हणजे उत्तरेकडे जाणारी बोट घ्या. बाखाराख ते झांक्ट गोआर खाली जाताना पाऊण तासाच्या आसपास लागतो. उलट्या दिशेला प्रवाह कापावा लागतो आणि वेळ बराच वाढतो. येताना रेल्वेने या. बोटीत वरच्या डेकवर बसा आणि काठावरचे मोठ्या आकड्यांचे फलक वाचत चला. हे अंतर कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेलं आहे. बाखाराख ५४३ वर. ५४६ जवळ उजव्या हाताला काउब आणि नदीत जहाजासारखा दिसणारा फाल्झग्राफेनश्टाइन. त्याचा मनोरा १३२७ च्या सुमाराचा, बवेरियाच्या लुडविग राजाने जकातीसाठी बांधलेला, आणि वसुली थेट १८६० च्या दशकापर्यंत चालू होती. त्याचं टोकदार तोंड प्रवाहाकडे आहे ते हिवाळ्यात वाहून येणारे बर्फाचे तुकडे फोडायला. १८१४ च्या नववर्षाच्या रात्री सेनापती ब्लूशरने आपल्या फौजा नेपोलियनच्या पाठलागावर इथूनच पलीकडे उतरवल्या. ५५० च्या आसपास डावीकडे ओबरवेझेल आणि वर शोनबुर्ग. ५५४ ला नदी अरुंद होऊन वळते आणि उजवीकडे १३२ मीटरचा लोरेलायचा खडक येतो. कवींनी तिथे बसवलेल्या सुंदरीमुळे तो जगप्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात तो एक उघडा कडाच आहे. पाहण्यासारखं आहे ते वळण. मोठमोठी मालवाहू जहाजं तिथे कशी आडवी होऊन वळतात ते बघा. समोरून कोण येतंय हे कळावं म्हणून काठावर दिव्यांचे सिग्नल लावलेले आहेत.

झांक्ट गोआरला उतरून ऱ्हाइनफेल्सवर जा. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, नाहीतर रस्त्यावरून धावणारी छोटी पर्यटकगाडी आहे. काट्झेनएल्नबोगेनच्या काउंट डीटरने तो १२४५ मध्ये बांधायला घेतला. दहा वर्षांनी जकातीला वैतागलेल्या शहरांच्या संघाने वेढा घातला, वर्षभर ठोकून पाहिलं, किल्ला पडला नाही. १६९२ मध्ये फ्रेंचांनाही दाद दिली नाही. शेवटी क्रांतीनंतरच्या फ्रेंच फौजेने १७९६-९७ मध्ये तो उडवला आणि पुढे त्याची दगडाची खाण झाली.

इथे टॉर्च लागतो, मोबाइलचा पुरत नाही. किल्ल्याबाहेरच्या जमिनीखाली सुरुंगांचे बोगदे आहेत. शत्रू वर येऊन जमला की खाली दारू भरून त्याला उडवायचं, अशी ती योजना. काही बोगद्यांत वाकून, काही ठिकाणी जवळजवळ रांगत जावं लागतं. जमीन ओली आणि डोक्याशी दगड. पाठीवर मोठी सॅक असेल तर अडकायला होतं, ती खाली ठेवून या. दुरुस्तीमुळे कुठले बोगदे बंद आहेत, कुठे वाटाड्याबरोबरच सोडतात, हे तिकीटखिडकीवर विचारा. किल्ल्याला दोन तास द्या.

समोर दिसणाऱ्या काट्झ किल्ल्यावर चढून जायचा मोह होतो. जाऊ नका, तो खासगी आहे आणि आत सोडत नाहीत.

दुसरा दिवस : मार्क्सबुर्ग आणि बोपार्ड

ब्राउबाख उजव्या काठावर आहे. डाव्या काठावरून जायचा सोपा मार्ग म्हणजे कोब्लेन्झपर्यंत जाऊन तिथे आरबी १० पकडणं. ब्राउबाख स्थानकातून गावातून वर पायवाट आहे, वीस-पंचवीस मिनिटं. किल्ला फक्त वाटाड्याबरोबर बघता येतो, फेरी सुमारे ५० मिनिटांची, आणि बहुतेक फेऱ्या जर्मनमधून. इंग्रजी फेरीची वेळ किल्ल्याच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघा आणि दिवस तिच्याभोवती आखा. जर्मन फेरीतच जावं लागलं तर इंग्रजी माहितीपत्रक मागून घ्या.

हा एवढा खटाटोप का, तर इथे सजवलेलं काही नाही. दरवाजातून आत शिरलं की वाट थेट मूळ कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून जाते, घोडेस्वारांसाठी केलेल्या, उंची एकीची दुसरीला मेळ नसलेल्या. पाऊस पडला असेल तर त्या घसरतात. चांगले तळवे असलेले बूट घाला, चपला-सँडल नकोत, आणि गुडघे दुखणाऱ्यांना आधी कल्पना द्या. पुढे नदीवर रोखलेल्या तोफा, भल्यामोठ्या चुलीचं स्वयंपाकघर आणि भिंतीबाहेर काढलेला शौचकूप. औषधी वनस्पतींची बाग आहे, तिथे रेंगाळू देतात. १९०० पासून हा किल्ला जर्मन किल्ले संघटनेच्या ताब्यात आहे, म्हणून त्याची हौशी डागडुजी झाली नाही. जपानच्या मियाको बेटावर त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधलेली आहे, हे ऐकून हसू येतं खरं.

दुपारी बोपार्ड. गावाच्या मधोमध चौथ्या शतकातल्या रोमन कोटाच्या भिंती उभ्या आहेत, उघड्यावर, तिकीट नाही. चेअरलिफ्टने वर गेलात की ऱ्हाईनचं मोठं वळण एका नजरेत येतं. जोर असेल तर वर लिफ्टने जा आणि उतरताना पायी या. उलटं केलं तर शेवटची लिफ्ट चुकायची भीती.

तिसरा दिवस : कोब्लेन्झ, नाहीतर ओबरवेझेल-काउब

कोब्लेन्झला मोझेल आणि ऱ्हाईनचा संगम, ‘डॉइचेस एक’. तिथून रोपवेने नदी ओलांडून एरेनब्राइटश्टाइनवर जाता येतं. प्रशियाने १८१७ ते १८२८ मध्ये बांधलेला हा अवाढव्य दुर्ग आहे. लष्करी वास्तूची आवड नसेल तर कंटाळा येईल. त्यापेक्षा श्टोल्झेनफेल्स बघा: वास्तुविशारद शिंकेलच्या आराखड्यानुसार उभारलेला, आत फरशी जपण्यासाठी बुटांवर नमद्याच्या सपाता चढवून फिरायचं.

एकच पर्याय घ्यायचा असेल तर आमचा कौल ओबरवेझेलला. जुन्या बुरुजांपैकी सोळा अजून उभे आहेत, तटावरून फिरता येतं आणि गर्दी नसते. तांबड्या लीबफ्राउएन चर्चमधली सोनेरी वेदी १३३१ सालची. तिथून काउब जवळ आहे. फाल्झग्राफेनश्टाइनला नेणारी छोटी होडी काउबच्या धक्क्यावरून सुटते, पण पाणी फार चढलं तर बंद राहते. नदी गढूळ आणि काठोकाठ दिसली तर पलीकडे जाण्याआधी चौकशी करा.

रुडेसहाइमची द्रोसेलगासे गल्ली सोडली तरी काही बिघडत नाही. वरच्या गेर्मानियाच्या पुतळ्याकडून दिसणारं दृश्य मात्र चांगलं आहे. बिंगेनमार्गे गेलात तर बिंगेनला दोन स्थानकं आहेत हे विसरू नका. फेरीचा धक्का ‘बिंगेन श्टाट’ या स्थानकाजवळ आहे, मुख्य स्थानकापासून तो लांब पडतो.

खाणं, पैसे आणि बारीकसारीक

रविवारी किराणा दुकानं बंद, शनिवारी संध्याकाळीच पाणी-फळं घेऊन ठेवा. अनेक खानावळी सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात, किल्लेही काही सोमवारी. दुपारी दोन ते साडेपाच स्वयंपाकघर बंद ठेवणारेही पुष्कळ. शाकाहारींनी ‘फ्लामकुखेन’ (पिझ्झासारखी पातळ भाजलेली पोळी) मागवताना ‘ओने श्पेक’ म्हणावं, नाहीतर त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या जाड शेवया) आणि सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळणारे बटाट्याचे थालीपीठवजा काप सहसा चालतात. पाणी फुकट मिळत नाही. लहान गावांत कार्ड चालेलच असं नाही. पन्नास-साठ युरो रोख आणि शौचालयांसाठी सुटी नाणी खिशात असू द्या. सामान ठेवायचे लॉकर छोट्या स्थानकांवर नसतात, ते माइन्झ आणि कोब्लेन्झला.

शेवटचं काम निघायच्या आदल्या रात्री करा: रेल्वेच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाच्या गाड्या तपासा. या दोन्ही मार्गांवर मोठ्या दुरुस्त्या ठरलेल्या आहेत आणि त्या काळात गाडीऐवजी बस धावते. बसचा थांबा स्थानकासमोरच असतो असं नाही, तो कधी हमरस्त्यावर असतो, आणि अरुंद रस्त्यावर बसला वेळही जास्त लागतो. परतीचं विमान त्याच दिवशी असेल तर दोन तास जादा ठेवा. २०२९ मध्ये या खोऱ्यात जर्मनीचं फुलबागांचं राष्ट्रीय प्रदर्शन भरणार आहे. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये यायचं असेल तर खोली आणि तिकिटं वर्षभर आधी धरा.